ताटाशेजारचे गाणे आणि त्याची बिदागी

व्हेनिस शहरातील सान मार्को चौकात ‘फ्लोरियन’ हे उपाहारगृह १७२० सालापासून उभे आहे. त्याच्या बाहेर मांडलेल्या टेबलाशी बसून कॉफी घेणाऱ्या प्रवाशाला बिल हाती आल्यावर बहुधा एक धक्का बसतो. येथील कॉफी महाग असते हे तो ऐकून आलेला असतो. परंतु वाद्यवृंद वाजत असेल, तर कॉफीच्या किमतीखेरीज माणशी काही युरो संगीतापोटी वेगळे आकारलेले असतात. आपण कॉफी मागितली होती, गाणे मागितले नव्हते, असे त्याला वाटते. शेजारच्या मंचावर व्हायोलिन आणि पियानो वाजविणारी माणसे तो नुकतीच पाहत होता, कदाचित बोटांनी ठेकाही धरीत होता. पण ती माणसे कोणाच्या तरी पदरी नोकरीस आहेत आणि त्यांच्या पोटाची सोय त्याच गल्ल्यातून व्हावयाची आहे, हा विचार त्याच्या मनात आलेला नसतो. प्रवासाहून परतलेले लोक या आकाराविषयी तक्रार करतात. वस्तुतः ते बिल इतर अनेक बिलांपेक्षा अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल. वाजविणाऱ्याचे मोल त्यात लपविलेले नाही.

हा प्रश्न आता केवळ व्हेनिसचा राहिलेला नाही. गेल्या दोन-तीन दशकांत पिझ्झा आणि पास्ता हे पदार्थ मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांना थालीपिठाइतकेच ओळखीचे झाले आहेत. वाढदिवसाला, निकालाच्या दिवशी किंवा पहिल्या पगाराच्या आनंदात इटालियन पद्धतीच्या हॉटेलात जेवावयास जाण्याची चाल पडली आहे. अशा हॉटेलांपैकी काहींच्या दारावर शनिवार-रविवारी ‘लाइव्ह म्युझिक’ची पाटी लागते. आत कोपऱ्यात उंच स्टुलावर गिटार घेऊन एखादा तरुण गात असतो. खाणारे बोलत असतात, हसत असतात, मोबाइलवर छायाचित्रे काढीत असतात. गाणे संपते तेव्हा दोन टेबलांवरून टाळ्या येतात, उरलेल्यांना ते संपल्याचे कळतही नाही. या तरुणाचे त्या खोलीतील स्थान नेमके कोणते? तो कलावंत, नोकर, की दिव्यांच्या माळांसारखी शोभेची एक वस्तू? ज्या देशाच्या नावाने ही हॉटेले चालतात, त्या देशाचा इतिहास या बाबतीत बराच बोलका आहे.

नेपल्सचे फिरते गवई

इटालियन जेवण आणि गाणे यांची सांगड प्रथम घातली ती नेपल्सने. सांता लुचिया, पोझिलिपो या किनाऱ्यावरच्या भागांतील खानावळींतून टेबलाटेबलाशी जाऊन गाणाऱ्यांचा एक वर्गच त्या शहरात होता. त्यांना ‘पोस्तेज्जातोरे’ म्हणत. ‘पोस्तो’ म्हणजे जागा. खानावळीत किंवा रस्त्याच्या कडेला जागा धरून गाणारे ते पोस्तेज्जातोरे. एक गिटार, एक मँडोलिन, जमल्यास एखादे व्हायोलिन आणि एक खणखणीत गळा एवढेच त्यांचे भांडवल. दोन-चार गाणी झाली की त्यांच्यातील एक जण बशी घेऊन टेबलांमधून फिरे आणि ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणे तीत नाणी पडत.

या मंडळींना हीन लेखणे सोपे होते, आणि पुष्कळांनी तसे लेखलेही. परंतु नेपल्सची गाणी शहरभर पसरली ती मोठ्या प्रमाणात यांच्याच तोंडून. आकाशवाणी नव्हती, ध्वनिमुद्रिका नुकत्याच जन्मास येत होत्या, अशा काळात नवे गाणे लोकांना रुचते की नाही याची कसोटी खानावळीतल्या टेबलाशी लागे. जेवणारा माणूस काटा खाली ठेवून ऐकू लागला, तर गाणे चालले असे समजावे. १८८० साली व्हेसुव्हियस पर्वतावर दोराने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा पेप्पिनो तुर्को आणि लुइजी देंत्सा यांनी ‘फुनिकुली फुनिकुला’ हे गाणे रचले. ती रेल्वे १९४४ च्या उद्रेकात नष्ट झाली, गाणे मात्र अद्याप जगभर गायिले जाते. ‘सोरेंतोला परत ये’ अशा अर्थाच्या प्रसिद्ध गाण्याचा संबंध तर थेट एका हॉटेलाशी जोडला जातो. १९०२ साली इटलीचे वयोवृद्ध पंतप्रधान झानार्देल्ली सोरेंतो गावी उतरले असताना, गावाला पोस्टाची कचेरी मिळावी या अर्जाची त्यांना आठवण राहावी म्हणून हॉटेलमालकाच्या सांगण्यावरून दे कुर्तिस बंधूंनी ते रचले, अशी आख्यायिका आहे. चाल त्याआधीची होती असेही सांगणारे आहेत. ते काहीही असो, सरकारी कचेरीत अर्ज पुढे सरकविण्याचा इतका सुरेल मार्ग क्वचितच कोणाला सुचला असेल!

‘ओ सोले मियो’ची कहाणी

याच नेपल्समध्ये १८९० साली पॅरिसच्या धर्तीवर ‘सालोने मार्गेरिता’ हे गाण्याचे उपाहारगृह नव्या उंबेर्तो गॅलरीच्या तळघरात सुरू झाले. फ्रेंच पदार्थ, फ्रेंच नावे आणि फ्रेंच तऱ्हा यांचे तेथे इतके प्रस्थ होते की, गायिकेसाठी असलेल्या फ्रेंच शब्दाचाच नेपल्सच्या बोलीत ‘शांतोझा’ असा अपभ्रंश होऊन तो रूढ झाला. खानावळीतल्या गाण्याला आता मंच मिळाला, दिवे मिळाले, प्रतिष्ठित प्रेक्षक मिळाले. एन्रिको कारुझो हा पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक १८७३ साली याच शहरात जन्मला आणि उमेदवारीच्या दिवसांत त्यानेही कॅफेतून गाऊन चार पैसे मिळविले होते. १९०३ साली तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या मंचावर उभा राहिला. कॅफेचा कोपरा आणि ऑपेराचा मंच यांमधले अंतर एका गळ्याने ओलांडले.

परंतु सर्वांच्या नशिबी हे नव्हते. ‘ओ सोले मियो’ हे गाणे जगात ज्याने ऐकले नाही असा माणूस विरळा. त्याचे शब्द जोव्हान्नी कापुर्रो यांचे, चाल एदुआर्दो दी कापुआ यांची आणि काळ १८९८ चा. दी कापुआ तेव्हा वडिलांबरोबर वादनाच्या दौऱ्यावर काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी होते. गाणे नेपल्सच्या एका प्रकाशकाने घेतले, त्याच्या छापील प्रती खपल्या, कारुझोने ते ध्वनिमुद्रित केले. १९६० साली एल्व्हिस प्रिस्लेने तीच चाल इंग्रजी शब्दांत गाऊन लक्षावधी तबकड्या विकल्या. दी कापुआ १९१७ साली आणि कापुर्रो १९२० साली वारले, ते दोघेही दारिद्र्यात. चाल रचण्यात वाटा असलेले तिसरे संगीतकार आल्फ्रेदो मात्सुक्की यांचे नाव तर तूरिनच्या न्यायालयाने २००२ साली, म्हणजे गाणे जन्मल्यावर एकशेचार वर्षांनी, मान्य केले. जगातल्या असंख्य इटालियन हॉटेलांत जे गाणे रोज वाजते, त्याच्या कर्त्यांना त्या हॉटेलांत एक वेळ पोटभर जेवणेही परवडले नसते.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. नेपल्सच्या पिझ्झा भाजणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. इटलीतील ऑपेरा-गायनाच्या परंपरेला तोच मान २०२३ साली मिळाला. एका बाजूस भट्टीपुढचा माणूस आणि दुसऱ्या बाजूस रंगमंचावरचा गायक, दोघांचाही गौरव झाला, आणि तो योग्यच होय. परंतु या दोहोंच्या मध्ये उभा राहून खाणाऱ्याला गाणे ऐकविणारा जो माणूस, त्याची परंपरा नावाजण्याचे अजून कोणास सुचलेले दिसत नाही.

देशांतराला निघालेले गाणे

१८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेस गेली. त्यांतील बहुसंख्य दक्षिण इटलीतील गरीब शेतकरी आणि मजूर. त्यांनी बरोबर नेली ती स्वयंपाकाची रीत आणि तोंडपाठ गाणी. परक्या शहरात उघडलेल्या त्यांच्या खानावळींतून हीच दोन साधने ग्राहकांपुढे आली आणि ‘इटालियन हॉटेल म्हणजे लाल रस्सा आणि मँडोलिन’ असे समीकरण जगाच्या मनात पक्के झाले. या समीकरणात पुष्कळ उथळपणा होता, तसाच एक उत्तम प्रयोगही होता. फिलाडेल्फियामध्ये एका इटालियन स्थलांतरिताने १९१८ साली ग्रामोफोनचे दुकान काढले. गिऱ्हाइके ऑपेराच्या तबकड्या ऐकत बसत. १९३३ साली अमेरिकेतील दारूबंदी उठल्यावर त्या दुकानाचे ‘व्हिक्टर कॅफे’ हे उपाहारगृह झाले. तेथे वाढपी म्हणून काम करतात ते गायनाचे शिक्षण घेणारे तरुण-तरुणी. थोड्या थोड्या वेळाने घंटा वाजते, वाढपी हातातले ताट खाली ठेवतो आणि ऑपेरातील एखादे पद गातो. ती घंटा वाजली की खोली शांत होते.

या घंटेत सारे रहस्य आहे. गाणारा तोच आहे, खाणारेही तेच आहेत. पण आता गाणे होणार आहे, ऐकावे, एवढे सांगण्याची व्यवस्था मालकाने केली आहे. गाणाऱ्याला वेतन वाढपी म्हणून मिळते आणि मान गायक म्हणून. उद्याच्या रंगमंचासाठी त्याचा गळा तयार होतो आणि जेवणाऱ्यालाही रोजच्या भोजनात नसलेले काही तरी लाभते.

चौरंगीपासून चर्चगेटपर्यंत

भारतात ही चाल आली ती ब्रिटिश अमदानीत. कलकत्त्याच्या चौरंगीवर आंजेलो फिर्पो या इटालियन गृहस्थाचे ‘फिर्पोज’ हे उपाहारगृह दोन महायुद्धांच्या दरम्यान आपल्या मेजवान्यांसाठी आणि वाद्यवृंदासाठी प्रसिद्ध होते. पुढे त्याच शहरातील पार्क स्ट्रीटवर गाण्याची अनेक हॉटेले निघाली. त्यांतील ‘ट्रिंकाज’मध्ये मुंबईत वाढलेल्या उषा उथुप १९६९ च्या सुमारास कांजीवरम साडी नेसून पाश्चात्य गाणी म्हणू लागल्या. हॉटेलात गाणारी स्त्री म्हटले की नाके मुरडणाऱ्या समाजाला त्यांनी त्या साडीने आणि भारदस्त आवाजाने निरुत्तर केले. २०२४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. हॉटेलातील गाण्याला असा मान मिळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

मुंबईतील चर्चगेट स्ट्रीट, म्हणजे आजचा वीर नरिमन रस्ता, हा एके काळी अशा संगीताचा रस्ता होता. १९५६ साली उघडलेले ‘गेलॉर्ड’ तेथे होते आणि ॲस्टोरिया हॉटेलात इटालियन शहराचे नाव धारण करणारे ‘व्हेनिस’ जाझ संगीतासाठी नावाजलेले होते. येथे वाजविणारे कलावंत बहुसंख्येने गोव्याचे. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या गावशाळांतून स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण मिळत असल्याने व्हायोलिन किंवा ट्रम्पेट घेऊन मुंबईस यावे आणि हॉटेलातील बँडमध्ये पोट भरावे, हा गोमंतकीय तरुणांचा नित्याचा मार्ग होता. त्यांच्या अडचणी थोड्या नव्हत्या. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांचा रात्रीचा व्यवसाय मंदावला आणि चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणशाळा हाच अनेकांचा दुसरा आधार ठरला.

त्या आधाराचे ऋण हिंदी चित्रपटसंगीतावर केवढे आहे! अल्दोना गावचे आंतोनियो व्हाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने हॉटेलांतून ट्रम्पेट वाजवीत आणि ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखले जात. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतात सी. रामचंद्रांना त्यांची साथ होती आणि पडद्यावरही ते आपल्या वादकांसह दिसतात. पुणतांब्याचे चितळकर आणि अल्दोन्याचे व्हाझ यांच्या या सहकार्यातून जे ठेके जन्मले, त्यांवर गणपतीच्या मिरवणुकीत महाराष्ट्र आजही नाचतो. लाहोरच्या हॉटेलात बँड चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईस आले आणि शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यवृंदाची मांडणी करू लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. या गुरूंचे नाव घराघरांत पोचले ते १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ मधील एका विनोदी गाण्यामुळे, आणि ते नाव एका हाडामासाच्या संगीतज्ञाचे आहे याची ते गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी बहुतेकांना दादही नव्हती. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक असे, वादकांची नावे बहुधा नसतच. ध्वनिमुद्रणशाळेत झालेला हा अन्याय हॉटेलातील उपेक्षेचेच पुढचे पाऊल होते. ज्याच्याकडे जेवताना पाहिले जात नाही, त्याचे नाव नंतर तरी कोण विचारणार?

पंगतीतला श्लोक

खाताना गाणे हे मराठी संस्कृतीत बसत नाही, गाण्याला बैठकीचे गांभीर्य हवे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. बैठकीची थोरवी निर्विवाद आहे. परंतु ताट आणि सूर यांचे वैर मराठी समाजाने मानलेले नाही. लग्नमुंजीच्या पंगतीत श्लोक म्हणण्याची रीत होती. आग्रह झालेला पाहुणा खड्या आवाजात श्लोक म्हणे, पंगत ऐके आणि शेवटी एकमुखाने नामघोष करून त्याला साथ देई. लहान मुलांचा धीटपणा आणि पाठांतर यांची परीक्षा त्या पंगतीतच होई. म्हणजे खाणाऱ्याने ऐकावे कसे, हे या समाजाला ठाऊक होते.

त्याच मांडवाच्या दाराशी मात्र सनई-चौघडा वाजविणारे सकाळपासून बसलेले असत. त्यांच्याकडे कोणी मान वळवून पाहत नसे आणि त्यांचे ताट बहुधा सर्वांच्या शेवटी वाढले जाई. लावणीच्या बैठकीत दौलतजादा होई, म्हणजे पैसे मिळत, पण ते देणाऱ्याच्या लहरीने आणि घेणारीला खाली पाहावयास लावून. ऐकणे, मान आणि बिदागी या तीन गोष्टी एकत्र नांदल्या तरच कलावंत उभा राहतो. यांतील एक गळाली की तो मांडवातला सनईवाला होतो किंवा नेपल्सचा बशी फिरविणारा गवई.

आज काय करता येईल

कायदा या बाबतीत पूर्वीइतका मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन प्रयोग सादर करणाऱ्या कलावंताचा स्वतंत्र हक्क मान्य झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो अधिक बळकट झाला. जेवणाऱ्याने स्वतःपुरते चित्रण केले तर त्याला मुभा आहे. परंतु हॉटेलमालकाने त्या गायकाचे गाणे मुद्रित करून जाहिरातीसाठी वापरावयाचे तर त्याची संमती हवी. हे गाणाऱ्या तरुणांनाही ठाऊक नसते आणि मालक ते सांगावयास जात नाहीत. गीतकार-संगीतकारांसाठी स्वामित्वधन गोळा करणारी संस्था १९६९ सालापासून आहे. हॉटेलात गाणी सादर करावयाची तर तिचा परवाना घ्यावा लागतो. दी कापुआंच्या वाट्याला जे आले नाही, ते आजच्या गीतकाराला निदान कागदोपत्री मिळते. पण हा पैसा गाणे रचणाऱ्याचा. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ते गाणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. त्याची सारी भिस्त मालकाने दिलेल्या शब्दावर.

म्हणून तो शब्द लेखी असावा, ही पहिली अपेक्षा. किती तास गावयाचे, मध्ये विश्रांती किती, बिदागी किती आणि केव्हा, गिऱ्हाईक कमी आले तर ती कापली जाणार नाही ना, एवढ्या चार ओळींना वकील लागत नाही. ‘नाव होईल’, ‘लोकांपुढे येशील’ असे सांगून फुकट गाऊन घेणे ही पद्धत तर सरळ बंद व्हावी. स्वयंपाक्याला कोणी ‘नाव होईल’ या बोलीवर कामास ठेवीत नाही. बिलात सेवेचा आकार सक्तीने लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली बजावले, ते ग्राहकाच्या दृष्टीने रास्तच आहे. पण गायकाचे मोल ग्राहकाच्या ऐच्छिक बक्षिसीवर सोडणेही तितकेच गैर. ते मालकाच्या खर्चात, म्हणजेच पदार्थांच्या जाहीर किमतीत, आधीच धरलेले असले पाहिजे. गाण्याची पाटी लावून गिऱ्हाईक खेचावयाचे आणि गाण्याचा खर्च मात्र गाणाऱ्याच्या माथी मारावयाचा, हा व्यापारही नव्हे.

उरतो तो जेवणारा. त्याच्याकडून फार मोठे काही अपेक्षित नाही. जेवण म्हणजे बोलणे-हसणे आलेच, आणि तीन तास मौन पाळून कोणी पिझ्झा खाणार नाही. परंतु संध्याकाळभरात दोन गाणी तरी त्याने खुर्ची वळवून ऐकावीत, फर्माईश करण्यापूर्वी गाणाऱ्याला त्याचे आवडते गाणे म्हणू द्यावे, उठताना त्याचे नाव विचारावे. दारावरच्या फलकावर पदार्थांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत त्या दिवशीच्या गायकाचे नाव लिहावे, असे मालकाला सांगावे. पालकांबरोबर आलेला मुलगा हे पाहत असतो. गाणे शिकण्यासाठी तो किंवा त्याची बहीण उद्या गुरूकडे जाणार असेल, तर त्या विद्येला समाजात काय किंमत आहे याचा पहिला धडा त्याला त्या टेबलाशीच मिळतो. महाराष्ट्रात गाण्याचे वर्ग गावोगावी चालतात, परीक्षांना हजारो मुले बसतात. त्यांतील सर्वांना सवाई गंधर्वचा मंच मिळणार नाही. ज्यांना गाण्यावर पोट भरावयाचे आहे, त्यांच्यापैकी कित्येकांची पहिली कमाई अशाच एखाद्या कोपऱ्यातल्या स्टुलावर व्हावयाची आहे. ती कमाई मानाची असावी की लाजेची, हे त्या संध्याकाळी समोर जेवावयास बसलेली माणसे ठरवीत असतात.